प्रस्तावना : पाणथरीतले काम

चोपडा तालुक्याची दक्षिण बाजू तापीकाठच्या केळी-कपाशीची आणि उत्तर बाजू सातपुड्याची. उत्तरेकडे वैजापूरच्या आसपास आणि डोंगरातल्या पाड्यांवर पावरा, बारेला, भिल्ल यांची वस्ती आहे, आणि या वस्तीत सिकलसेल आहे. डॉ. एस. एल. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ साली महाराष्ट्रातल्या सिकलसेलचा आढावा घेतला, तेव्हा वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असलेल्या जमातींत माडिया, परधान यांच्याबरोबर भिल्ल आणि पावरा यांची नावे होती. हा आजार समजावून सांगण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ धागे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि असह्य वेदना उठतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण ही हकीकत पेशी वाकून फुटली की थांबते. फुटलेली, मरायला टेकलेली ती पेशी कोण उचलते, आणि ती उचलणाऱ्या पेशीचे पुढे काय होते, हा प्रश्न तिथे येतच नाही. माझे म्हणणे असे, की सिकलसेलच्या रुग्णाला दोन दुखण्यांच्या मधल्या काळातही जे सोसावे लागते, त्याचा मोठा भाग या न विचारलेल्या प्रश्नात आहे. म्हणून मरणाऱ्या पेशींची विल्हेवाट आणि तिला रोगप्रतिकारक पेशींनी दिलेला प्रतिसाद हा विषय विद्यापीठांच्या प्रयोगशाळांइतकाच सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रांचाही आहे.

आधी या कामाचा आवाका पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३० अब्ज पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला. संख्येने पाहिले तर यातल्या पाचांपैकी चाराहून अधिक पेशी रक्तातल्या असतात. एवढा मृत्यू रोज घडूनही अंग सुजत नाही, ताप येत नाही, पू होत नाही. जखमेत पेशी मेल्या की मात्र हे सगळे होते. हा फरक कशामुळे पडतो? केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की पेशींच्या मरणाचा एक शिस्तीचा प्रकार असतो. त्यात पेशी फुटून सांडत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. पुढे १९९२ मध्ये या मरणाची खूण सापडली. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक स्निग्ध रेणू जिवंत पेशीच्या पडद्यात आतल्या बाजूला दडवून ठेवलेला असतो. पेशी मरू लागली की तो बाहेरच्या बाजूला येतो, आणि भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्यावरून तिला ओळखते. उलट जिवंत पेशीच्या अंगावर सीडी४७ हे प्रथिन असते, आणि ते भक्षकपेशीला दूर राहायला सांगते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशी निरोगी उंदराच्या रक्तात सोडल्या, तर त्या उंदराची पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्या पाहता पाहता काढून टाकते, हे २००० साली सिद्ध झाले.

इथवर भक्षकपेशी ही झाडूवाल्यासारखीच वाटते आणि शालेय पुस्तकांनी तिची तशीच ओळख करून दिली आहे. पण झाडूवाला गोळा केलेल्या कचऱ्याने बदलत नाही, भक्षकपेशी बदलते, आणि या विषयाचे सगळे मर्म तिथेच आहे. १९९७ आणि १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकच प्रयोग केला. माणसाच्या रक्तातून मिळवलेल्या भक्षकपेशींना जिवाणूंच्या कवचातला दाहकारक पदार्थ द्यायचा आणि त्याचबरोबर शिस्तीने मेलेल्या पांढऱ्या पेशी खायला घालायच्या. नुसता जिवाणूचा पदार्थ दिला की या पेशी टीएनएफसारखी दाह भडकवणारी रसायने सोडतात. सोबत मृत पेशी गिळल्या, तर ती रसायने घटतात आणि इंटरल्युकिन-१०, टीजीएफ-बीटा अशी दाह शमवणारी रसायने वाढतात. म्हणजे रोजच्या मरणाभोवती जी शांतता असते, ती आपोआप आलेली नसते. भक्षकपेशी ती दर घासागणिक घडवत असते. नंतरच्या संशोधनाने यात आणखी भर घातली. एक मृत पेशी गिळल्यावर दुसरी गिळता यावी म्हणून भक्षकपेशी आपल्या आतली मायटोकाँड्रिया तोडून बारीक करते. गिळलेल्या पेशीतले आर्जिनिन वापरून ती पुट्रेसिन बनवते, आणि त्याच्या जोरावर पुढची पेशी अधिक सहज गिळते. थोडक्यात, पचवलेल्या मालातूनच तिच्या पुढच्या वागणुकीचे हुकूम निघतात.

यावर पहिली हरकत हटकून येते, की हे सगळे काचेच्या तबकडीतले आणि उंदरांतले खेळ आहेत. हरकत रास्त आहे. या क्षेत्रातले बरेचसे पुरावे खरोखरच तसे आहेत, आणि उंदराच्या पाणथरीवरून पावरा मुलाच्या पाणथरीविषयी बोलताना सावध राहायलाच हवे. पण निसर्गाने माणसांवरही एक प्रयोग करून ठेवला आहे. मृत पेशींना चिकटून त्यांची विल्हेवाट सोपी करणारे सी१क्यू नावाचे प्रथिन रक्तात असते. काही थोडी माणसे ते नसतानाच जन्माला येतात, आणि त्यांतल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना ल्युपस किंवा त्यासारखाच आजार होतो. त्यात शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. सी१क्यू नसलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात न उचललेल्या मृत पेशींचे तुकडे साचतात, हे १९९८ मध्ये दिसले. सी१क्यूची कामे आणखीही आहेत, त्यामुळे एवढ्या एका साखळीवर सगळा भार टाकता येणार नाही. तरीही विल्हेवाट चुकली की शरीर स्वतःवर उलटू शकते, एवढे मानायला हा पुरावा पुरेसा आहे.

आता तांबड्या पेशीकडे येऊ. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हातारी झाली की पाणथरीतल्या आणि यकृतातल्या भक्षकपेशी तिला उचलतात, तिचे हिमोग्लोबिन सोडवतात, हीम हा लोहयुक्त भाग फोडतात आणि त्यातले लोह पुन्हा रक्तात सोडतात. या वाटेने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह शरीराला परत मिळते. अन्नातून रोज शोषले जाते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. म्हणजे आपले रक्त मुख्यतः भक्षकपेशींनी परत केलेल्या लोहावर चालते, आणि भाजी-भाकरीतल्या लोहाचा वाटा वरकड तूट भरून काढण्यापुरता असतो. सिकलसेलच्या रुग्णात ही तांबडी पेशी १० ते २० दिवसांत संपते. भक्षकपेशींचे काम त्यामुळे सहापट ते बारापट वाढते, असा हिशेब कुणी मांडेल. रुग्णात पेशींची संख्याच कमी असल्याने तो थोडा फुगवलेला ठरेल, पण दिशा तीच राहते. वाकून पुन्हा सरळ होण्याच्या फेऱ्यांत पेशीचा पडदा बिघडतो, फॉस्फॅटिडिलसेरिन अवेळी बाहेर येते, आणि वयाने कोवळ्या पेशीवरही मरणाची खूण उमटते. यातल्या बऱ्याच पेशी भक्षकपेशींच्या हाती लागतात, पण काही रक्तवाहिनीतच फुटतात आणि त्यांचे हिमोग्लोबिन मोकळे सांडते. ते सावरायला रक्तात हॅप्टोग्लोबिन आणि हीमोपेक्सिन ही दोन प्रथिने असतात, पण सततच्या मागणीने त्यांचा साठा आटतो. मग मोकळे हीम टीएलआर४ या ग्राहीला चेतवते. हा तोच ग्राही, जो एरवी जिवाणूंच्या कवचाची वर्दी देतो. जिवाणू कुठेही नसताना जिवाणू आल्याची हाकाटी होते. हीम आणि लोहाने लादलेली भक्षकपेशी दाह भडकवणाऱ्या रूपाकडे झुकते, आणि हीमोपेक्सिन पुरवले तर हा कल मागे फिरतो, हे २०१६ मध्ये सिकलसेलच्या उंदरांत आणि पेशींच्या प्रयोगांत दिसले. एरवी जे गिळणे शांतता घडवते, तेच गिळणे मालाच्या अतिरेकाने आणि मालाच्या जातीने उलटे फळ देते. रुग्णाच्या डोळ्यांत दिसणारी पिवळट झाक, जिला गावात कावीळ समजून झाडपाला दिला जातो, ती पुष्कळदा याच कामाची बाहेर दिसणारी खूण असते, कारण हीम फोडल्यावर उरणारे बिलिरुबिन यकृताच्या आवाक्याबाहेर गेलेले असते.

इथे दोन हरकती एकत्र येतात. पहिली नेमकेपणाची आहे. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, तेव्हा तिच्या मरणाला पांढऱ्या पेशीच्या शिस्तीच्या मरणाचे नियम कसे लागू करायचे? सगळे लागू करू नयेतच. ओळखीची खूण दोघींकडे सारखी आहे, आत जाणारा माल मात्र अगदी वेगळा आहे. एकीत डीएनए आणि प्रथिने, दुसरीत जवळपास नुसते हिमोग्लोबिन. या फरकामुळे माझा मुद्दा उलट बळकट होतो, कारण भक्षकपेशीचा प्रतिसाद गिळण्याच्या क्रियेपेक्षा गिळलेल्या मालावर किती अवलंबून आहे, ते इथे उघड दिसते. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. एका अक्षराच्या चुकीने आणि रक्तवाहिनीच्या तुंबण्याने आजार पुरा समजतो, मग हे नवे प्रकरण कशाला? पुरा समजत असता, तर एकाच जनुकाच्या दोन रुग्णांत इतके अंतर पडले नसते. त्या अंतराचा एक भाग गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाने समजतो, हे खरे. पण १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ३,७६४ रुग्णांच्या पाहणीत लवकर मृत्यूशी जोडलेल्या गोष्टींत दुखण्याच्या वेळी नव्हे, तर एरवीच्या काळात मोजलेल्या पांढऱ्या पेशींची वाढलेली संख्याही होती. पांढऱ्या पेशी वाकत नाहीत. त्यांचे वाढणे दाहाचे लक्षण आहे. लगेच पुढच्या वर्षी हायड्रॉक्सियुरियाची २९९ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षाकाठी येणारी तीव्र दुखणी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत साधारण साडेचार होती, हे औषध घेणाऱ्यांत अडीच. हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, आणि सगळे श्रेय त्यालाच दिले जाते. पण ते पांढऱ्या पेशीही कमी करते, आणि काही रुग्णांत फायदा त्या घटीशी जुळतो. औषधाने दोन्ही दारे एकदम लोटली, म्हणून कोणत्या दाराने किती वारा आला हे वेगळे सांगणे अवघड आहे. तुंबण्याची हकीकत खोटी नाही, अपुरी आहे, एवढाच माझा दावा.

ज्या जनुकाने इतका त्रास दिला, ते सातपुड्यात टिकलेच कसे, याचे उत्तरही याच कामाकडे बोट दाखवते. वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. पण ते कसे मिळते? मलेरियाचा परोपजीवी कोवळ्या, वलयासारख्या अवस्थेत असतानाच वाहकाची बाधित तांबडी पेशी भक्षकपेशी अधिक प्रमाणात गिळतात, असे २००४ च्या प्रयोगांत आढळले. परोपजीवी वाढून पुढच्या पेशींत शिरण्याआधीच त्याचे घर उचलले जाते. संरक्षणाची आणखीही कारणे आहेत, आणि उंदरांतल्या एका अभ्यासाने हीम फोडणाऱ्या एन्झाइमलाच त्याचे मोठे श्रेय दिले आहे. यातले कुठलेही कारण सगळे उत्तर देत नाही, पण ही दोन्ही विल्हेवाटीच्या कामातच सापडतात. वाहकाला वाचवणारी आणि रुग्णाला छळणारी यंत्रणा एकच आहे, फरक भाराचा आहे. वाहक असणे हा आजार नव्हे, हे सांगताना आरोग्यसेविकांनी हे कारणही सांगावे. लग्नाच्या बोलणीत ‘वाहक’ शब्दाला जो डाग लागतो, तो पुसायला नुसत्या दिलाशापेक्षा कारण जास्त कामाला येते.

राहिली शेवटची हरकत, आणि ती या भागातून येणार हे उघड आहे. पाड्यावरून चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात यायला गाडी मिळत नाही, रक्ताची पिशवी वेळेवर मिळत नाही, तिथे भक्षकपेशींच्या स्वभावाची चर्चा म्हणजे चैन आहे, असे कुणी म्हणेल. गाडी आणि रक्त आधी, यात वाद नाही. पण या स्वभावाची जाण नसल्याने उपलब्ध असलेल्या गोष्टीही चुकीच्या वापरल्या जातात. अंग पांढरे दिसले की लोहाची गोळी, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची सवय आहे, आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ती योग्यही आहे. सिकलसेलच्या रुग्णाचा अशक्तपणा मात्र मुख्यतः पेशी लवकर मेल्याने येतो. त्याच्या भक्षकपेशी लोह परत करतच असतात, आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात ते साचतही जाते. उलट आपल्याकडच्या काही रुग्णांत खरोखरच लोह कमी असते. म्हणून गोळी सरसकट देऊही नये आणि सरसकट बंदही करू नये, तपासून ठरवावे. त्यातही लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दाह असताना फसवे वाढलेले दिसते, हे तपासणाऱ्याला ठाऊक हवे. दुसरी गोष्ट संसर्गाची. पाणथरी तांबड्या पेशींत गुंतून निकामी होत गेली की रक्तातला न्यूमोकोकस हा जिवाणू गाळणारी जागाच उरत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत लहान मुलांना दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिल्यावर हे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले, आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरलेल्या वेळेआधीच थांबवावी लागली. पेनिसिलिन हे महागडे औषध नाही. न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात आहे. तिसरी गोष्ट हायड्रॉक्सियुरियाची. दुखत नाही म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण सगळीकडे आहेत, आणि त्यांना तो सल्ला बहुधा तुंबण्याच्या हकीकतीनेच दिलेला असतो. तुंबलेले नाही, मग औषध कशाला? विल्हेवाटीचे काम न दुखणाऱ्या दिवशीही चालू असते, हे समजावले तर रोजच्या गोळीला अर्थ येतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे लक्ष्य. तपासणी हवीच. पण तपासणीचे आकडे वाढणे म्हणजे रुग्णाचे भले होणे नव्हे, आणि मोहिमांना आकड्यांचा मोह पडतो हे महाराष्ट्राला नवे नाही. तपासणीलाही मर्यादा आहेत. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही, आणि पाणथरीवरचा धोका तर त्याच सुमारास सुरू होतो.

पाणथरीबद्दल एक गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत पाणथरी बहुधा लहानपणीच आक्रसून संपते. भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन तुलनेने जास्त असल्याने ती पुष्कळदा मोठी होऊन वाढत्या वयातही टिकते. यावरून इथला आजार सौम्य आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. टिकलेली पाणथरी म्हणजे टिकलेला धोकाही आहे. भक्षकपेशींनी भरलेली ही जागा अचानक फुगते, अंगातले रक्त तिथे अडकते आणि काही तासांत मूल दगावू शकते. जमैकात या प्रसंगी होणारे मृत्यू कमी करण्यासाठी आयांना एक साधी गोष्ट शिकवली गेली. रोज बाळाच्या डाव्या बरगडीखाली हात लावून पाणथरी चाचपायची, आणि ती एकदम वाढलेली वाटली की दवाखाना गाठायचा. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अनुभवानुसार अशा शंभर प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून ३ वर आले. चोपड्यातल्या प्रत्येक आशाताईला आणि पाड्यावरच्या प्रत्येक आईला हे शिकवता येईल. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ते या पावसाळ्याआधी सुरू करावे, आणि रुग्णाच्या कार्डावर दर भेटीला पाणथरी किती बोटे लागली, तो आकडा लिहायला जागा ठेवावी.